झातोन्स्कचे मास्तर

वयाने एवढ्या मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना. म्हणून वर्गाच्या पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारलं, "मी तुम्हाला काका म्हटलं तर चालेल? आमच्याकडे वडीलधाऱ्यांना तसं म्हणतात."

ते गंभीर झाले. टायची गाठ सारखी केली आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, रशियात हा शब्द आई लहान मुलाला सांगताना वापरते. रस्त्यात घाण पडलेली असते तेव्हा. 'काका आहे, हात लावू नको.'"

वर्गातले बाकीचे हसले. ते हसले नाहीत. मी दुसरा शब्द शोधावा म्हणून ते थांबून राहिले. गावच्या म्युझियमचे प्रमुख म्हणून तिथे येणाऱ्या मुलांना माहिती सांगण्यात त्यांची जवळजवळ चाळीस वर्षं गेली होती, हे त्यांनी नुकतंच सांगितलं होतं. मी म्हटलं, "मग मास्तर?" हा शब्द त्यांनी दोनदा स्वतःशी म्हणून पाहिला. रशियनमध्ये तो हाताला कसब असलेल्या कारागिराला वापरतात म्हणे. "हा चालेल," ते म्हणाले. "आणि शिकवणाऱ्या स्त्रीला तुमच्याकडे काय म्हणतात?" मी सांगितलं, बाई. तेव्हापासून शेवटपर्यंत मी त्यांची बाई आणि ते माझे मास्तर.

हे २००४ सालचं. आम्ही अमेरिकेत बॉथेलला राहत होतो. निखिल, म्हणजे माझा नवरा, सॉफ्टवेअरमध्ये. माझा व्हिसा त्याच्यावर अवलंबून, त्यामुळे मला नोकरीची परवानगी नव्हती. कराडच्या कॉलेजात दोन वर्षं इतिहास शिकवून मी इकडे आले होते आणि दुपारभर खिडकीतून ओली झाडं बघत बसायचे. शेवटी लायब्ररीत दर मंगळवारी इंग्रजी संभाषणाचा वर्ग चालायचा, तिथे मी व्हॉलंटिअर म्हणून नाव दिलं. कोरियन आज्या, मेक्सिकोचे दोघे भाऊ, एक इराणी डेंटिस्ट आणि मास्तर. ते आपल्या मुलीकडे राहायला आले होते. वय चौऱ्याहत्तर. उन्हाळा असो की पाऊस, अंगात कोट, गळ्यात टाय, आणि खिशातल्या चष्म्याच्या घरात चष्म्याऐवजी पेन्सिलींचे तुकडे.

वर्गात दर आठवड्याला एक विषय असायचा. हवामान हा विषय असला की मास्तर झातोन्स्कचं हवामान सांगायचे. खाणं असलं की झातोन्स्कची खारवलेली काकडी. डॉक्टरकडे काय बोलावं हा विषय असला, तर झातोन्स्कमध्ये एकच डॉक्टर कसा होता आणि तो रोग्याची जीभ बघायच्या आधी बूट का बघायचा, हे सांगायचे. बूट ओले असले तर माणूस नदीपलीकडून चालत आलाय, म्हणजे आजार खरा आहे.

झातोन्स्क हे त्यांचं गाव. मोठ्या नदीच्या वळणावर वसलेलं. हिवाळ्यात नदी गोठायच्या आत बोटी ज्या आडोशाच्या पाण्यात आणून बांधतात, त्याला रशियनमध्ये झातोन म्हणतात, त्यावरून हे नाव पडलेलं. बोटींबरोबर खलाशीही अडकायचे, पाच-पाच महिने. "आमचं गाव अडकलेल्या माणसांनी वसवलं," मास्तर म्हणायचे. "म्हणून आमच्याकडे कोणाला घाई नाही आणि कोणी सरळ उत्तर देत नाही. सरळ उत्तर दिलं की गप्पा संपतात. मग पाच महिने काय करणार?"

त्यांचं एक आवडतं वाक्य होतं. मोठ्या शहरांना इतिहास असतो, लहान गावांना स्वभाव असतो. हे ते इतकं शांतपणे म्हणायचे, की कोरियन आज्यांनी ते वहीत लिहून घेतलं होतं.

बॉथेलवर त्यांचा राग नव्हता, पण त्यांनी त्याला गाव म्हणून कधी मान्यता दिली नाही. लायब्ररीमागून वाहणाऱ्या नदीकडे बघून ते एकदा म्हणाले, "ही गोठत नाही. मग लोकांना वर्ष संपलं हे कळतं कसं?" त्यांची अंतरंही तिकडचीच होती. मुलीच्या घरापासून लायब्ररी म्हणजे धक्क्यापासून औषधांच्या दुकानापर्यंत. इंडियन स्टोअर म्हणजे धक्क्यापासून स्मशानापर्यंत, चढ धरून.

त्या गावाच्या स्वभावाच्या गोष्टी त्यांच्याकडे न संपणाऱ्या होत्या. फार पूर्वी म्हणे एकदा राणीची बोट त्या नदीतून जाणार होती. ती झातोन्स्कला थांबेल असा निरोप आला. गावाने चार दिवसांत सगळी कुंपणं रंगवली, पण रंग कमी पडला म्हणून फक्त नदीकडची बाजू. राणीची बोट आली तेव्हा दाट धुकं होतं. बोट न थांबता निघून गेली. घंटा तेवढी ऐकू आली. लोक दिवसभर धक्क्यावर उभे राहिले, कारण घंटा परत येतेय की काय याचा कोणालाच अंदाज येईना. "त्या दिवशी," मास्तर म्हणाले, "पावाची एक भट्टी जळून गेली, कारण भट्टीवालाही धक्क्यावर होता. आगीच्या नोंदवहीत तसं लिहिलेलं आहे."

हे ऐकल्यावर माझ्यातली इतिहासाची विद्यार्थिनी जागी झाली. मी म्हटलं, "मास्तर, हे लिहून काढायला हवं."

ते जणू याचीच वाट बघत होते. पुढच्या मंगळवारी वर्ग संपल्यावर त्यांनी माझ्यासमोर खुर्ची ओढली आणि म्हणाले, "लिहा, बाई."

असं आमचं काम सुरू झालं. ते तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगायचे, मी लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर टाइप करायचे. (त्यांचं बोलणं मी इथे मराठीत लिहितेय, त्यामुळे ते फार अस्खलित वाटेल. प्रत्यक्षात एकेका वाक्याला पाच-पाच मिनिटं लागायची.) प्रकरण पहिलं, बोटी. प्रकरण दुसरं, आगी. प्रकरण तिसरं, नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, बूट करणारी घराणी आणि त्यांची भांडणं. कोणत्या व्यापाऱ्याने कोणाच्या भिंतीला टेकून कोठार बांधलं, कोणत्या वर्षी किती मुलं गोवराने गेली, चर्चची मधली घंटा कधी चिरली, सगळं तोंडपाठ. समोर एक कागद नाही.

तिथेच माझं अडायला लागलं. मी दर प्रकरणाला विचारायचे, "याला आधार काय? कुठे वाचलंत?"

"वाचलंय."

"पण कागद कुठे आहे? नोंदवही कुठल्या आर्काइव्हमध्ये आहे?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"बाई, तुम्ही लिहा."

एकदा मी हट्टाला पेटले. म्हटलं, आधार नसेल तर ही दंतकथा आहे, इतिहास नाही. मास्तरांनी पेन्सिलींचं घर बंद केलं, कोटाची बटणं लावली आणि पावसात निघून गेले. पुढच्या मंगळवारी आले ते थेट चौथ्या प्रकरणापासून बोलायला लागले.

निखिल म्हणायचा, "यार, तू का एवढी सीरियसली घेतेस? म्हातारे बोअर झालेत, टाइमपास करतायत. एन्जॉय कर ना." पण मला वर्षभरात पहिल्यांदा काहीतरी काम मिळालं होतं, आणि ते नीट व्हावं असं मला वाटत होतं. म्हणून मी त्यांना न विचारता एक गोष्ट केली. इंटरनेटवर झातोन्स्क शोधलं. तिथल्या कोणा शिक्षकाने गावाचं एक साधंसं पान तयार केलं होतं, खाली लोकांना निरोप लिहायला जागा होती. मी भाषांतर करणाऱ्या वेबसाइटवरून चार ओळी रशियनमध्ये करून घेतल्या आणि टाकल्या. तुमच्या म्युझियमचे माजी प्रमुख अमेरिकेत गावाचा इतिहास लिहीत आहेत, मी त्यांना मदत करते आहे, जुन्या नोंदवह्या कुठे मिळतील?

नऊ दिवसांनी उत्तर आलं. मंगळवार होता. मला इतका आनंद झाला, की मी ते आधी नीट वाचलंही नाही. मशीनने केलेलं वेडंवाकडं इंग्रजी मास्तरांसमोर मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "नोंदवह्या नाहीत. का नाहीत हे त्यांना माहीत आहे. त्यांना विचारा, त्यांच्याआधी किल्ल्या कोणाकडे होत्या."

खाली एका बाईचं नाव होतं.

मास्तरांनी स्क्रीनवरचा मूळ रशियन निरोप स्वतः वाचला. त्यांना ती अक्षरं माझ्यापेक्षा चांगली वाचता येत होती. मग त्यांनी खुर्ची हलक्या हाताने टेबलाखाली सरकवली आणि गेले.

तीन मंगळवार ते आले नाहीत. चौथ्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले. मुलीने दार उघडलं. ती एका दवाखान्यात कामाला होती, दमलेली दिसत होती. म्हणाली, "तुम्ही पपांना काय सांगितलंत? जेवत नाहीत. नकाशा काढतात आणि फाडतात." मी झाला प्रकार सांगितला. तिने ते नाव ऐकलं आणि मान हलवली. तिला काही माहीत नव्हतं. आतून मास्तरांचा खोकल्याचा आवाज आला, पण ते बाहेर आले नाहीत.

मला फार अपराधी वाटलं. दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरून कपाट उघडावं, तसं काहीतरी मी केलं होतं.

पुढच्या मंगळवारी मात्र ते वर्ग सुरू व्हायच्या आधीच येऊन बसले होते. टाय नव्हता. मला म्हणाले, "आज वर्ग दुसऱ्या कोणाला घेऊ द्या. तुम्ही लिहा."

त्यांनी जे सांगितलं ते असं.

त्यांच्याआधी म्युझियमच्या किल्ल्या लिदिया सेर्गेयेव्हना नावाच्या बाईंकडे होत्या. पन्नाशीच्या, अविवाहित. म्युझियम म्हणजे एका व्यापाऱ्याच्या घरातल्या दोन खोल्या. सरपण पुरायचं नाही म्हणून हिवाळ्यात त्या हातमोजे घालूनच कागद चाळायच्या. मास्तर एकोणीस वर्षांचे असताना त्यांच्या हाताखाली लागले. जुनं वळणदार हस्ताक्षर कसं वाचायचं, हे त्यांनी शिकवलं. दोघं मिळून आगींची नोंदवही वाचायचे, चर्चमधल्या जन्ममृत्यूच्या वह्या वाचायचे. त्यांनी मोठ्याने वाचायचं आणि मास्तरांनी ऐकून पाठ करायचं, अशी शिकवण्याची पद्धत. "माझ्या डोक्यात जे आहे," मास्तर म्हणाले, "ते त्यांच्या आवाजात आहे."

मग एके वर्षी वरून हुकूम आला. व्यापाऱ्यांचे आणि चर्चचे जुने कागद निरुपयोगी आहेत, ते लगद्यासाठी कागदाच्या गिरणीत पाठवा. लिदिया सेर्गेयेव्हनांनी निम्मे पाठवले. उरलेले, सगळ्यात महत्त्वाचे, त्यांनी मागच्या शेडमधल्या जुन्या होडीच्या तळाशी लपवले आणि वर फळ्या ठोकल्या. फळ्या धरायला मास्तरच होते.

महिनाभराने दोन माणसं आली. त्यांनी मास्तरांना एकट्याला बोलावलं. मारलं नाही, ओरडले नाहीत. चहा दिला. विचारलं, कागद कुठे आहेत?

"मी सांगितलं," मास्तर म्हणाले. "होडी दाखवली. मग त्यांनी एक कागद पुढे केला. लिदिया सेर्गेयेव्हनांनी हे जाणूनबुजून केलं, असं त्यात होतं. मी सही केली."

लिदिया सेर्गेयेव्हनांना दूर उत्तरेला लाकूडतोडीच्या कामावर पाठवलं. वह्या गिरणीत गेल्या. त्याच महिन्यात किल्ल्या मास्तरांना मिळाल्या. वय एकवीस.

मी टाइप करता करता थांबले. मला वाटलं आपण काहीतरी बोललं पाहिजे. म्हटलं, "मास्तर, तुम्ही किती लहान होता."

"ते लिहू नका," ते म्हणाले.

काही वर्षांनी काळ बदलला आणि लिदिया सेर्गेयेव्हना परत आल्या. म्युझियममध्ये त्यांना कोणी घेतलं नाही. सार्वजनिक स्नानगृहात लोकांचे कोट सांभाळायचं काम मिळालं. आणि दर शरद ऋतूत एकदा त्या म्युझियम बघायला यायच्या. दाराशी मास्तरच तिकीट द्यायचे. त्या दोन्ही खोल्यांतून हळूहळू फिरायच्या, प्रत्येक पाटी वाचायच्या. जाताना म्हणायच्या, "तिसऱ्या कपाटातलं साल चुकलंय." किंवा, "त्या आडनावात एक अक्षर जास्त आहे." त्या गेल्या की मास्तर ते दुरुस्त करायचे.

"दुसरं काही बोलायच्या नाहीत?"

"नाही. अकरा वर्षं. बाराव्या वर्षी आल्या नाहीत. प्रेतयात्रा आमच्या दारावरून गेली. मी आत उभा होतो."

वर्गातून कोरियन आज्यांचा हसण्याचा आवाज येत होता. मी विचारलं, "एवढ्या वर्षांत हे तुम्ही कधी लिहून ठेवलं नाहीत?"

"रशियनमध्ये हे वाक्य मला लिहिता येत नाही. खूपदा बसलो. तिथे माझ्याकडे शब्द फार आहेत. मी लिहायला लागलो की काळ वाईट होता, सगळेच घाबरलेले होते, असं आपोआप येतं. इंग्रजीत मी पाच वर्षांचा आहे. पाच वर्षांच्या मुलाला एवढंच येतं. मी सांगितलं. मी सही केली."

त्या संध्याकाळी मी हे निखिलला सांगितलं. माझा आवाज चढला होता. इतके महिने मी ज्या माणसाच्या गोष्टी प्रेमाने उतरवून घेत होते, त्यानेच त्या गावाचे कागद घालवले होते आणि मला दर वेळी "नाही" एवढंच उत्तर देत होता. निखिल नेहमीसारखी चेष्टा करेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "तू असतीस तर होडी दाखवली नसतीस?"

मनात जे उत्तर आलं ते मला आवडलं नाही.

टाइप केलेलं ते प्रकरण एका पानाचं होतं. मास्तरांनी त्याची प्रिंट घेतली आणि त्याचं स्वतःच रशियन करायला बसले. एका पानाला सहा आठवडे लागले. दर मंगळवारी ते नवा मसुदा आणायचे आणि मला त्यातली वाक्यं मोजायला लावायचे. इंग्रजीत एकतीस वाक्यं होती. रशियनमध्ये एक जरी जास्त झालं, तरी ते नवीन वाक्य शोधून काढायचे आणि खोडायचे. "हे बघा," एकदा खोडताना म्हणाले, "हे स्वतःची कीव करणारं. कुठून आलं कळलंही नाही."

शेवटी एकतीस वाक्यांचा कागद तयार झाला. ज्या बाईने तो निरोप लिहिला होता, ती लिदिया सेर्गेयेव्हनांची भाची होती, निवृत्त नर्स. मी तिला लिहून पत्ता मागवला. पोस्ट ऑफिसात मी त्यांच्याबरोबर गेले. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, पाकिटात मौल्यवान काही आहे का? मास्तरांना प्रश्न कळला नसावा असं वाटून मी उत्तर देणार, तेवढ्यात ते म्हणाले, "नाही. फक्त एक पान, उशिरा पोचणारं."

उत्तर यायला तीन महिने लागले. हाताने लिहिलेलं पत्र. मास्तरांनी ते वर्गाबाहेरच्या बाकावर बसून वाचलं आणि मला त्याचा अर्थ सांगितला. भाचीने लिहिलं होतं की मावशीला सगळं माहीत होतं, सही कोणाची ते तिला चौकशीतच दाखवलं होतं. पान म्युझियमला दिलं आहे. हल्लीचे लोक चांगले आहेत. दाराशी आजवरच्या प्रमुखांच्या नावांची पाटी आहे, ती मास्तरांच्या नावापासून सुरू होत होती. आता त्यांनी वर लिदिया सेर्गेयेव्हनांचं नाव घातलं आहे. मास्तरांचं नाव ठेवायचं की काढायचं, ते मास्तरांनीच कळवावं, असं त्यांचं म्हणणं आहे. माफीबद्दल पत्रात एक अक्षर नव्हतं.

मला वाटलं, ते काढा म्हणून सांगतील. त्यांचा तसा स्वभाव होता. आठवडा गेला. मग उत्तराचा कागद मला दाखवला.

"ठेवा, असं लिहिलंय," ते म्हणाले. "त्यांच्या खाली. आणि दोघांचीही सालं लिहा, बरोबर लिहा. त्यांचं शेवटचं साल आणि माझं पहिलं साल एकच आहे. नाव काढलं तर कोणी काही विचारणार नाही. दोन नावं आणि एकच साल दिसलं, तर कोणीतरी विचारेल."

त्यानंतर आमचं पुस्तक पुढे सरकलं. अकरा प्रकरणं झाली. प्रत्येक पानाखाली, जिथे मी आधार मागायचे तिथे, ते आता एकच ओळ लिहायला लावायचे. लिदिया सेर्गेयेव्हना यांनी वाचून दाखवलं, मी ऐकलं. कागद नष्ट, माझ्यामुळे. ही ओळ मी किती वेळा टाइप केली असेल, मोजली नाही. गोवराने गेलेल्या मुलांच्या पानाखालीही ती टाइप केली.

२००६ मध्ये निखिलला हर्नडनला नोकरी मिळाली आणि आम्ही देशाच्या दुसऱ्या टोकाला गेलो. मास्तरांचा निरोप घेताना मी वाकून नमस्कार केला. त्यांना ते अपेक्षित नव्हतं. दोन पावलं मागे सरकले आणि म्हणाले, "मला नको, बाई." मी तरी केला.

मग फोनवर बोलणं व्हायचं. त्यांचा आवाज बारीक होत गेला. मुलीने सांगितलं, आता घराबाहेर पडत नाहीत, ऐकूही कमी येतं. पुढच्या वर्षी एका रविवारी सकाळी मला भाचीची ईमेल आली. मी ती वेबसाइटवर टाकून इंग्रजी करून घेतली आणि बॉथेलला फोन लावला. मुलीने रिसीव्हर त्यांच्या कानाशी धरला. मी सावकाश, मोठ्याने वाचलं.

गेल्या आठवड्यात शेजारच्या गावातून शाळेचा एक वर्ग म्युझियम बघायला आला होता. एक मुलगी दाराशीच उभी राहून पाटी वाचत होती. तिने विचारलं की पहिल्या बाईंचं साल जिथे संपतं, तिथेच खालच्या माणसाचं सुरू होतं, एक वर्षही मध्ये नाही, असं का? भाची तेव्हा तिथेच होती. तिने कपाटातून ते पान काढलं आणि सगळ्या वर्गाला वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर त्या मुलीने लिदिया सेर्गेयेव्हनांचं नाव वहीत लिहून घेतलं.

सगळं ऐकू गेलं की नाही, मला खात्री नव्हती. मी विचारलं, "मास्तर, आहात ना?"

"तिने नक्की कोणत्या शब्दांत विचारलं?" ते म्हणाले. "बाई, ते पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं.